रांजणाशेजारच्या बाटल्या

माय,

तुला मी जन्मात पत्र लिहिलं नाही. कॉलेजच्या शहरात इतकी वर्षं काढली, तेव्हाही कार्ड टाकायचो ते शेजारच्या गुरुजींच्या नावानं, कारण वाचणार तेच होते. गुरुजी ओट्यावर बसून कार्ड मोठ्यानं वाचायचे, तू उंबऱ्यात उभी राहून ऐकायचीस, आणि तुझ्याबरोबर निम्मी गल्ली ऐकायची. म्हणून माझ्या कार्डात ‘मी बरा आहे, पेपर चांगले गेले, सुट्टीला येतो’ याच्या पलीकडे काही नसायचं. तू एकदा तक्रारही केली होतीस, की पोराच्या पत्रात काही दमच नसतो, त्यापेक्षा आमच्या गोदामातला मुकादम बरा बोलतो. आता गुरुजी नाहीत, तू नाहीस, गल्लीसुद्धा निम्मी उठून दुसरीकडे राहायला गेली. आता मोकळेपणानं लिहायला हरकत नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. फार मोठी नाही. पण तिच्यापर्यंत जायची वाट तुझ्या स्वयंपाकघरातून जाते, आणि तिथं एकदा शिरलो की मी लवकर बाहेर पडत नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं की तिसरं साल असेल. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता. आपण औरंगाबाद जिल्ह्यातलेच. इंजिनिअर होऊन मी पुढचं शिकायला लागलो होतो, आणि त्या शिक्षणाचं नाव होतं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी. गुरुजींनी ते नाव ओट्यावरून वाचलं आणि त्यातलं ‘आरोग्य’ तेवढं गल्लीनं ऐकलं. मी सुट्टीला आलो की लोक गुडघे आणि खोकले घेऊन हजर. तू त्यांना हाकलत नव्हतीस, उलट चहा करायचीस. माझं खरं काम सांडपाण्याचं आहे हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. गल्लीला नाही आणि तुलाही नाही.

आमच्या सरांना दुष्काळानं एक वेड लावलं होतं. प्यायला पाणी नाही, जनावरांना चारा नाही, आणि गावोगावच्या नाल्यांतून वापरलेलं पाणी मात्र वाहून चाललं आहे. हे पाणी एखाद्या उथळ तळ्यात दहा-बारा दिवस उन्हात नुसतं उभं ठेवलं, तर ते चाऱ्यापुरतं चांगलं होतं का? पुस्तकात होतं म्हणून लिहिलं होतं. सरांना ते आपल्याकडच्या उन्हात तपासून पाहायचं होतं. मला म्हणाले, “जालन्यात तुझं घर आहे, ऊन आहे, नाला आहे. आणखी काय हवं?” नगरपालिकेनं गावाबाहेर पडीक जागा दिली, तिथं तळं खोदलं, एका बाजूनं नाल्याचं पाणी आत घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढलं. माझं काम एवढंच की रोज सकाळी शिरणारं आणि निघणारं पाणी काचेच्या बाटल्यांत भरायचं, त्या बाटल्या पाच दिवस अंधारात आणि थंड जागी ठेवायच्या, आणि पाच दिवसांनी त्यात प्राणवायू किती उरला ते मोजायचं. पाण्यात घाण असेल तर तिच्यावर जगणारे जीव प्राणवायू संपवतात. पाणी चांगलं असेल तर तो शिल्लक राहतो. माझी पदवी त्या शिल्लक राहिलेल्या प्राणवायूवर टांगलेली होती. हिवाळ्यात सुरुवात केली, कारण पाच दिवस वीस अंशांच्या आसपास थंडावा लागतो. कॉलेजात त्यासाठी विजेचं कपाट होतं. आपल्या घरात तुझा रांजण होता.

रांजणाचा कोपरा आठवतो तुला? उत्तरेची भिंत, खाली ओली वाळू, वरून उजेडाचा थेंब नाही. भर दुपारीही तिथं पाय ठेवला की बरं वाटायचं. मी आत शिरणाऱ्या पाण्याच्या बाटल्या रांजण आणि भिंतीच्या सांदीत, मागं सरकवून ठेवल्या, आणि निघणाऱ्या पाण्याच्या पुढं, रांजणाला लागून. तू विचारलंस, “कशाचं पाणी हाय रे?” मी म्हणालो, “तळ्याचं.” आणि तू मान हलवून भाकरी थापायला लागलीस. खोटं काही बोललो नव्हतो. तळ्याचंच होतं.

खरं सांगायला मी का कचरलो हे तुला वेगळं सांगायला नको, पण लिहून टाकतो. वडीगोद्रीकडच्या आपल्या गावात तू लग्न होऊन आलीस तेव्हा विहिरीवर तुला चढायला मिळत नव्हतं. घागर खाली ठेवून वरची बाई पाणी कधी वाढते याची वाट बघत तासन्‌तास उभी राहायचीस. धर्मांतर झालं त्या वर्षी बापानं मेलेलं ढोर ओढायचं काम टाकलं, गावानं दाणापाणी तोडलं, आणि आपण जालन्याला आलो. बाप जिनिंगमध्ये लागला, तू बियाण्याच्या गोदामात निवडायला. दुसऱ्याची घाण यापुढं या घरात येणार नाही, असं बापानं उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं होतं, ते तू मला शंभर वेळा सांगितलंस. बाप मी मॅट्रिकला असताना गेला, पण ते वाक्य घरातच राहिलं. आणि त्या घरात मी, शिकलासवरलेला, सगळ्या गावाचा नाला बाटल्यांत भरून तुझ्या पिण्याच्या पाण्याला टेकवून ठेवत होतो.

कामात मात्र मजा येत होती. पाच दिवसांनी मी बाटल्या अंगणात आणून बसायचो, त्यांत औषधं घालायचो, आणि काचेच्या नळीतून थेंबथेंब सोडायचो. शेवटी निळं झालेलं पाणी एका थेंबात एकदम पांढरं स्वच्छ होतं. ते तुला फार आवडायचं. कामावर जायला उशीर झाला तरी तू तो एक थेंब बघूनच जायचीस. निळा रंग आणायला पिठूळ पाणी लागतं. माझं संपलं तेव्हा तूच भाताची पेज गाळून दिलीस, आणि ती कॉलेजच्या पुडीपेक्षा चांगली निघाली. “पेजेला बी इंजिनेर लागला,” असं तू गोदामात सांगून आलीस.

पहिले आकडे बेताचे आले. मग अचानक ते असे सुधारले की माझा माझ्यावर विश्वास बसेना. निघणाऱ्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ भरलेला. म्हणजे तळं नुसत्या उन्हावर नाल्याचं झऱ्यासारखं पाणी करत होतं. एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे, तेच. सरांना कळवलं तर त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, की हे खरं असेल तर आपण परिषदेत वाचू. ते कार्ड गुरुजींनी वाचलं आणि तू गल्लीत गूळ वाटलास. मी गुळाचा खडा चघळत विचार करत होतो, की आपण फारच हुशार निघालो.

त्यानंतरच्या एका सकाळी तळ्याच्या वाटेवर सायकल पंक्चर झाली आणि ती ढकलत मी परत आलो. तू अंगणात बसली होतीस. तुझ्यासमोर माझ्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या, रिकाम्या, राखेनं घासून लखलखीत केलेल्या. एकेक उचलून तू नळाच्या ताज्या पाण्यानं काठोकाठ भरत होतीस आणि बूच घट्ट बसवत होतीस. बाटलीत बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नसतो, हे तू माझ्याकडे बघून बघून शिकली होतीस.

“माय, हे काय करून राह्यली?”

“पाणी बदलून राह्यले,” तू वर न बघता म्हणालीस. “पाच-पाच दिवस शिळं पाणी ठिवतोस घरात. तुला टाइम कुठं हाय? रोज तू गेला की जल्दी-जल्दी बदलून ठिवते. मागल्या न्हाई बदलल्या, तिथं माझा हात पुरत न्हाई.”

मला सगळं एका दमात कळलं. रोज पहाटे रांजण ओतायचा, घासायचा आणि ताजं भरायचा, हा तुझा नेम. काल भरलेलं पाणी तुझ्या लेखी पाणीच नव्हतं. जिला घागरभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर उभं राहावं लागलं, तिला दारात नळ आल्यावर शिळं पाणी ठेवणं म्हणजे पाप. आणि लेकाच्या बाटल्याही तू वेगळ्या समजली नाहीस. माझं तळं झऱ्याचं पाणी करत नव्हतं. ते नगरपालिकेच्या नळाचं पाणी होतं, आणि माझे तीन आठवड्यांचे सुंदर आकडे तुझ्या हातचे होते. मी त्या दिवशी तुझ्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. तू भरलेली बाटली हातात धरून बसलीस आणि म्हणालीस, “अरे, पाणीच तर बदललं. तळ्याचंच व्हतं नव्हं?” यावर उत्तर द्यायचं तर ते तळं कशाचं आहे हे सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी मी सुटायच्या वेळेला गोदामावर आलो. माफी मागायला आलो होतो, पण तुझं काम चाललं होतं म्हणून दाराशी उभा राहिलो. तू कपाशीचं बी निवडत होतीस. सूप जवळजवळ निवडून झालं होतं, आणि शेजारची बाई काहीतरी बोलली, तुझं लक्ष गेलं, हात थबकला. तू सुपाकडे जरा बघितलंस आणि सगळं सूप परत मूळच्या पोत्यात उलटं केलंस. निवडलेलं, न निवडलेलं, सगळं. मुकादम म्हणाला, “अवं मावशी, झालंच व्हतं की!” तू म्हणालीस, “शंका आली ना, मंग झालं न्हाई.” आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसलीस. त्या तीन आठवड्यांचे चांगले आकडे आणि परिषद यांच्या मोहात मी सकाळपासून होतो, हे कबूल करतो. नळाचं पाणी आहे हे फक्त तुला आणि मला माहीत होतं, आणि त्यानं आकडे खोटे ठरतात हे तुला माहीत नव्हतं. पण ते उलटं केलेलं सूप बघितल्यावर मला दुसरं काही करताच येईना. दुसऱ्या दिवशी एसटी धरून सरांकडे गेलो.

सर आधी हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग चष्मा पुसून म्हणाले, “सगळे आकडे रद्द. आधीचेही. पहिल्यापासून कर.” थंडीचे दिवस उरले होते जेमतेम अडीच महिने, तेवढ्यात झालं नाही तर वर्ष गेलं, आणि शिष्यवृत्ती वर्षाअखेर संपत होती. मी निघालो तर हाक मारून म्हणाले, “आणि आईला सांग काय आहे ते. बाटलीत काय आहे हे हात लावणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. प्रयोगशाळेचा पहिला नियम आहे तो. तो तू मोडलास, त्यांनी नाही.”

तुझ्या सुट्टीच्या दिवशी मी तुला तळ्यावर नेलं. तू भाकरी-पिठलं बांधून घेतलं होतंस, जत्रेला निघाल्यासारखं. बांधावर उभी राहिलीस आणि नाला आत शिरतो तिकडे बघत राहिलीस. तो काळा, फेसाळ, वास मारणारा. मी काही बोलायच्या आत तुला कळलं. पदर नाकाला लावला नाहीस. पिठलं-भाकरीचं फडकं सोडलंही नाहीस. तसंच हातात धरून परत फिरलीस. घरी आल्यावर रांजण ओतलास, ताटवाट्या घासल्यास, सगळं स्वयंपाकघर धुतलंस, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. जेवायला मात्र वाढत होतीस. तिसऱ्या दिवशी वाढतावाढताच म्हणालीस, “ह्या हातानं ती बाटली धुतली, अन् ह्याच हातानं भाकर थापली. तू समूर बसून खाल्लीस. एक सबूद बोलला न्हाईस. तुझा घास कसा उतरला रे?” मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं. आजही भाकरी हातात घेतली की कधीकधी ते ऐकू येतं, आणि मी तरी खातो, कारण तू शिकवलंस की अन्नावर रुसू नये.

त्याच दिवशी दुपारी मी तळ्यावर होतो, तर बांधावरून तू येताना दिसलीस. एकटी, गोदामातून परस्पर, डोक्यावर पदर, केसांत कापसाचा तूस. ह्या वेळी नाल्याकडे गेली नाहीस, पाणी निघतं त्या टोकाला गेलीस. तिथलं पाणी हिरवट पण निवळ होतं, आणि त्यावर शेजारच्या शेतकऱ्यानं लावलेलं गवत गुडघ्याला लागलं होतं. तू उकिडवी बसून बराच वेळ बघितलंस.

“किती दिस लागतेत?”

“दहा-बारा.”

“अन् साफ कोण करतं?”

“कोणी न्हाई, माय. ऊन, शेवाळ, अन् डोळ्याला दिसत न्हाईत असे बारीक जीव.”

“मानूस उतरावा लागत न्हाई?”

“न्हाई.”

“बिलकुल न्हाई?”

तुला खोटं सांगून मी नुकतंच भोगलं होतं, म्हणून खरं ते सांगितलं. “पाच-सात वर्षांनी तळं सुकवून गाळ काढावा लागतो. फावड्यानं. पण तवा तो सुका असतो.”

तू विचार केलास. “सुका असंल तर मातीच की ती,” म्हणालीस. मग उठलीस, लुगडं झटकलंस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “मंग हे काम कर. बराबर कर.”

त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी नोकरी केली. खरंच सांगतो. बदल्या झाल्या, वरचे साहेब आले-गेले, गावोगाव तळी खोदली, काही चालली, काही लोकांनी कचऱ्यानं भरली. कंटाळा आला की मला तू ते पाणी बघत उकिडवी बसलेली दिसायचीस. मी आयुष्यात सुखी झालो, माय. पैशाअडक्याचं म्हणत नाही. आपलं काम कशासाठी आहे हे ज्याला आपल्या आईनं सांगितलं, त्याला आणखी काय पाहिजे?

पण अडीच महिन्यांचं राहिलंच. तळ्यावर येऊन गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तू बाजारातून नवा रांजण आणलास आणि जुना घरामागं, लिंबाखाली, गळ्यापर्यंत वाळूत पुरून दिलास. “ह्यातलं पाणी आता मला गोड लागायचं न्हाई. तुझ्या बाटल्यांला घे.” वर पोत्याचं तरट. तरट ओलं ठेवलं की रांजण थंड, पण पहाटे गारठा पडला की तो वीसच्याही खाली जायचा, आणि दुपारी वर चढायचा. सरांनी आता दिवसभराचे नमुने घ्यायला लावले होते, म्हणून मी दिवसभर तळ्यावर. कुणीतरी दिवसातून तीन-चारदा बघायला हवं होतं. मी तुला थर्मामीटरवरचे आकडे शिकवायला बसलो. तू दोन मिनिटं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “आकडे नगं मला. खूण सांग.” गोधडीच्या काठाचा लाल दोरा उपसलास, आणि वीसच्या रेघेवर मी बोट ठेवलं तिथं तो करकचून बांधलास. पारा दोऱ्याच्या वर गेला की तरटावर पाणी, खाली गेला की वरून गोधडी. झालं.

अडीच महिने तू ते केलंस. पहाटे उठून एकदा, कामावर जाताना एकदा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत गोदामातून धावत येऊन एकदा, आणि आल्यावर. मुकादमाला काय सांगितलंस मला माहीत नाही, पण तू जेवत कधी होतीस हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही आणि पडायला हवा होता. मी तपासून बघायला म्हणून कॉलेजातून उसना आणलेला, दिवसभरातला चढ-उतार टिपून ठेवणारा दुसरा थर्मामीटर गुपचूप आत ठेवायचो. अर्ध्या अंशाचा फरक पडला तो एकदाच, आणि तो दिवस शेजारणीच्या बाळंतपणाचा होता. आकडे आले ते झऱ्यासारखे नव्हते. नाल्यातल्या घाणीतला मोठा हिस्सा तळं खरोखर खात होतं, थोडा राहत होता, ढगाळ दिवशी जास्त राहत होता. साधे, खरे, एकमेकांना धरून असलेले आकडे. सरांनी ते बघितले आणि नुसतं म्हणाले, “आता झालं.”

तोंडी परीक्षेला बाहेरून एक मोठे साहेब आले होते. प्रबंध चाळता चाळता ते एका पानावर थांबले. विचारलं, “क्षेत्रावर विजेचं कपाट नव्हतं. पाच दिवस तापमान कसं राखलं?” मी रांजण, वाळू, तरट सगळं सांगितलं. ते खूश झाले. मग विचारलं, “पण तुम्ही तर दिवसभर तळ्यावर होतात. मग बघायचं कोण?” सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या तोंडात तू आली होतीस, माय, अगदी ओठावर. आणि मला वाटलं, आईनं, जिला आकडे वाचता येत नाहीत तिनं, दोरा बांधून, असं म्हटलं की हे साहेब हसतील आणि मग सगळेच आकडे संशयात जातील. मी म्हणालो, “मीच, सर. येऊन-जाऊन.” सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली कागदात डोकं घातलं. साहेब म्हणाले, “ठीक आहे.” मी पास झालो.

पुढं नोकरीत हाताखालच्या इंजिनिअरांना मी दोऱ्याची युक्ती तुझं नाव घेऊन सांगत आलो, ती ऐकून कुणी हसलं नाही. पण ते सोपं होतं. तिथं मला कुणी नापास करणार नव्हतं.

पास झाल्याचं सांगायला घरी आलो तेव्हा तू लिंबाखाली त्या रांजणातली वाळू काढत होतीस. निकाल ऐकलास, डोळे पुसलेस, आणि हात झटकत विचारलंस, “माझं सांगितलंस का सायबाला?”

“सांगितलं.”

“काय म्हणले?”

“म्हणाले, असं काम शिकलेल्या माणसाच्या हातून पण होत नाही.”

तू ते वाक्य दुसऱ्या दिवशी गोदामात सांगितलंस. मग गल्लीत, मग लग्नकार्यात, मग माझ्या बायकोला ती घरात आली त्याच आठवड्यात, मग नातवंडांना. प्रत्येक वेळी थोडी ताठ बसून सांगायचीस. दरवेळी मी तिथं असलो तर मला विचारायचीस, “व्हय ना रे?” आणि मी हो म्हणायचो. तू गेल्यावर, तुझ्या जलदानाच्या दिवशी तुझ्याबरोबर गोदामात निवडणारी एक म्हातारी उठून उभी राहिली. तिला बोलता येत नव्हतं नीट. ती एवढंच म्हणाली, “हिला लई मोठ्या सायबानं सांगितलं व्हतं, असं काम शिकलेल्याच्यानं बी व्हत न्हाई.” सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली.

हे कागद मी घडी करून माझ्याच कपाटात ठेवणार आहे, आणि वाचायला कुणाला देणार नाही. त्या साहेबांना तू होतीस हे कधीच कळलं नाही, माय. ते वाक्य माझं होतं.